सोनगीरच्या मोरीचा सवाल

आमचं गाव तापीकाठचं, घरी केळी आन् कपाशी, पण मी पडलो सातवी शिकलेला, तर आबा म्हणाले, शेताला तुझे दोघं भाऊ पुरे, तू हापीसात बस. असा मी धुळ्याला रस्त्याच्या कामाच्या हापीसात कारकून लागलो. स्वराज्य नुकतंच आलेलं, आग्रा रोडचं काम निघालेलं. माझं काम काय सांगू तुम्हाला, ठेकेदाराला नकाशात काही उमगलं नाही की तो चिठ्ठी धाडायचा, ती मी वहीत चढवायची, आमच्या इंजिनेर साहेबापुढं ठेवायची, आन् ते सांगतील तो जबाब लिहून परत धाडायचा. बस, दिवसभर सवाल आन् जबाब.

ठेकेदार धनजीशेठ, कच्छकडचे, लई सवाल विचारायचे. साहेब तरणे, चिडायचे, म्हणायचे, या माणसाला नकाशा वाचता येतो की नाही?

एकदा चिठ्ठी आली, सोनगीरच्या अलीकडं नाल्याचं पाणी रस्त्याखालून जायच्या मोरीला दोन पाइप दाखवलेत, गाववाले म्हणतात पुरणार नाहीत, काय करू? साहेब म्हणाले, लिहा, नकाशाप्रमाणे करा. लिहिलं मी, पण पाकीट चिकटवायला हात होईना. नदीकाठचा माणूस मी, पाणी काय करतं ते पाहिलेलं. रविवारी सायकल काढली आन् गेलो सोनगीरला. नाल्याकाठी एक म्हातारी गोवऱ्या थापत होती. म्हटलं, अक्का, पाणी कुठवर चढतं? ती म्हणे, त्या निंबना बेचक्यापावत येस भाऊ, बठ्ठा गावले ठाऊक शे, पन आमले कोनी इचारं नही. म्हणजे कडुनिंबाला फांद्या फुटतात तिथवर पाणी चढायचं, सगळ्या गावाला ठाऊक, पण विचारलं कुणी नव्हतं.

सोमवारी साहेबापुढं उभा राहिलो, म्हटलं, साहेब, जबाब मी धाडला नाही, आन् म्हातारीचं बोलणं बठ्ठं सांगितलं. साहेब लाल झाले. मी मनात म्हटलं, गेली नोकरी. पण ते वही उचलून उठले, म्हणाले, जीप काढा. त्या गोवऱ्यांजवळ जमिनीवर बसून त्यांनी अक्काला एकेका पावसाळ्याचं विचारलं, आन् स्वतःच्या हातानं लिहून घेतलं. मोरीला तीन पाइप पडले, तेही मोठे. पुढं नाला असा फुगला, पण रस्त्याला ओरखडा नाही. धनजीशेठ पेढे घेऊन आले, साहेबांनी पहिला पेढा माझ्या हातावर ठेवला.

मग त्यांची बदली झाली, लांब कोकणात. वर्षभरानं माझ्या नावानं कार्ड आलं, इथं एका ओढ्याचं कोडं पडलंय, गावात कुणी जुनं माणूस शोधतोय, तुमची आठवण झाली.

आता साहेब नाहीत, अक्का तर केव्हाच गेली. मोठा रस्ता झाला, ती मोरी कुठं गाडली गेली कोण जाणे. जाऊ द्या. ऐकून घेणारा वरिष्ठ भेटला मला, भाऊ. तुमच्या लेकराबाळांनाही तसाच भेटो.