मध्यंतरानंतरचा खेळ

(फुटबॉल क्लबची मैदानालगतची खोली. मामा संघाचा प्रशिक्षक. भाची वेग मोजणाऱ्या यंत्रावर खेळाडूंच्या चाचण्या घेते. समोर पडद्यावर कालचा निवड-सामना.)

मामा : संपला विषय. एकच जागा आहे, ती चित्त्याला. एवढं पळणारं पोर मी तरी पाहिलेलं नाही.

भाची : पळताना पाहिलंस. खेळताना?

मामा : मग काल काय डोळे मिटून बसलो होतो? दोन गोल केले पठ्ठ्याने!

भाची : दोन्ही मध्यंतराआधी.

मामा : का, मध्यंतराआधीचे गोल धरत नाहीत वाटतं?

भाची : मध्यंतरानंतर तू होतास कुठे?

मामा : अध्यक्षांबरोबर, चहाला. कुणाला घ्यायचं ते माझं ठरलं होतं गं.

भाची : तेवढ्यात आम्ही एक अदलाबदल केली. आजोबाला चित्त्याच्या संघातून काढून समोरच्या संघात टाकलं.

मामा : त्या आजोबाचं नाव काढू नकोस. वय वर्षं वीस, आणि मैदानात हात पाठीमागे बांधून चालतो! तुझ्याच यंत्रावर सगळ्यांत शेवटी आला ना?

भाची : आला. आता हे बघ, पहिला गोल. इथे थांबवते. चेंडू अजून मागच्या बचावपटूच्या पायात आहे. चित्ता काय करतोय?

मामा : उभा आहे.

भाची : आणि आजोबा?

मामा : हात दाखवतोय. त्या कोपऱ्यातल्या रिकाम्या जागेकडे.

भाची : सोडते आता.

मामा : निघाला चित्ता! वारा आहे गं नुसता.

भाची : हा दुसरा गोल.

मामा : पुन्हा हात. काहीतरी ओरडतोयही.

भाची : "आत्ता!" म्हणतोय. आता मध्यंतरानंतरचं बघ.

मामा : हे काय? चेंडू गेल्यावर निघतोय हा. अरे, तिकडे कुठे? तिकडे आपलाच माणूस आहे! दमला की काय?

भाची : नाही. वेग तोच आहे, मी तपासलाय. कधी पळायचं ते सांगणारा समोर गेला, एवढंच. आणि समोर बघ, तू नापास केलेला डावखुरा एकदम चित्त्यासारखा दिसायला लागलाय.

मामा : हं... परत लाव बघू.

भाची : लावते.

मामा : तुझं यंत्र यायच्या आधी मी त्या कठड्यावर बसून पोरं निवडायचो. चुकायचो, पण शेवटपर्यंत बसायचो. आता आकडा कळला की उठतो.

भाची : यंत्र सरळ रेषेत पळवतं. चेंडू नाही, समोर कुणी नाही, शिट्टी वाजली की पळायचं. सामन्यात ती शिट्टी कोण वाजवणार?

मामा : ते खरं गं. पण अध्यक्षांना लोक खुर्चीतून उठायला हवेत. आजोबाला बघून जांभया देतील.

भाची : देऊ देत. तुला संघ उभा करायचाय की शर्यत लावायचीय?

मामा : टोमणे मारण्यात आईवर गेलीस. आजोबाचं हे शेवटचंच वर्ष ना?

भाची : हो. वयाची अट. आज निवडीतून राहिला तर कायमचा राहिला. चित्ता सतराचा आहे.

मामा : पण काल मी त्याच्या पाठीवर थाप मारली. घरी सांगून मोकळा झाला असेल.

भाची : झालाय. आईला घेऊन आलाय, बाहेर बाकावर बसलेत.

मामा : अरे देवा... आजोबाला बोलाव. पण चित्त्याला सांगायला माझी जीभ रेटणार नाही.

भाची : मी सांगते. सगळ्यांत वेगवान तूच, असं त्याला मीच सांगितलं होतं.

मामा : काय सांगशील?

भाची : पुढच्या वर्षी ये म्हणेन. तोवर पळण्याआधी मान वर करून बघायला शीक.

मामा : आणि त्याने विचारलं, ते जमायला किती दिवस लागतील?

भाची : तर म्हणेन, ते मला मोजता येत नाही.