धारोष्ण दूध

लिथुआनियातल्या पानेवेझिस गावच्या दवाखान्यात गोचिडीच्या चाव्याने होणाऱ्या मेंदूज्वराची लस घ्यायला आल्दोना बसली होती. मागच्या बाकावर दोन शेजारणी बोलत होत्या.

“झिता, आमच्या ह्यांना चमचा धरवत नाही गं. हात थरथरतो, मान ताठलीय. डॉक्टर म्हणतात, मेंदूला सूज आहे.”

“अगं, पण ते बरे झाले होते ना, गेनोवाइते?”

“ताप चार दिवसांत उतरला. मग आठवडाभर ठणठणीत! रविवारी लग्नात नाचले.”

“जंगलात गोचीड चावली असणार.”

“कसलं जंगल? महिनाभर छपरावर कौलं बसवतायत. नर्सनं भलतंच विचारलं, शेळीचं दूध कच्चं पिता का म्हणून.”

“मग?”

“तापवलं की कस जातो दुधाचा. मी धारोष्णच देते. ती म्हणाली, गोचीड शेळीला चावली तरी दुधातून येतं हे.”

आल्दोनाने मागे वळून पाहायचं टाळलं.

“झिता, तुझ्या नातीलाही बरणीभर दिलं होतं मी. उग्ने बरी आहे ना?”

“एकदम छान! मध्ये चार दिवस ताप होता, तो परवाच उतरला. सकाळपासून झोका सोडायला तयार नाही.”