पाय कुणाकडे करायचे?

वंदनीय थोरले भंते. त्यांच्या शेजारी बसलेले पूज्य धाकटे भंते, जे यंदाच्या पावसाळ्यातल्या वर्षावासापूर्वी माझ्या घरात माझा मुलगा नोप म्हणून वावरत होते आणि ओला टॉवेल रोज जमिनीवर टाकत होते. समारंभाचे अध्यक्ष, आपले गावप्रमुख सानितदादा. जिल्ह्याच्या गावाहून वाट वाकडी करून आलेले पाहुणे. पहिल्या रांगेत सगळ्यांत उंच खुर्चीवर बसलेली माझी आई, बुनमाबाई. ज्यांच्या निरोपासाठी आपण जमलो आहोत त्या आरोग्य केंद्राच्या परिचारिका, आजच्या सत्कारमूर्ती ओरापिनताई. आणि लवकर येऊन पंख्याखालच्या जागा अडवून बसलेल्या माझ्या ग्रामस्थ बंधुभगिनींनो,

महिला मंडळाची अध्यक्ष या नात्याने मी 'दोन शब्द' बोलावेत, असं सानितदादांनी सुचवलं. माझ्या दुकानात नूडल्स खाऊन ज्याने ज्याने मला बोलताना ऐकलं आहे, त्याला हे किती अशक्य आहे ते ठाऊक आहे. तरी प्रयत्न करते.

माझ्या आधीच्या वक्त्यांनी ताईंचं फार सुंदर वर्णन केलं. एकाने त्यांना शांत स्वभावाच्या म्हटलं. दुसऱ्याने मृदुभाषी म्हटलं. मी आपली इकडेतिकडे बघत होते, की व्यासपीठावर आणखी कुणी परिचारिका बसली आहे की काय? कारण मला ज्या ओरापिनताई माहीत आहेत, त्यांचा आवाज मोटरसायकलच्या आधी गल्लीत शिरतो. "प्रायोंग! पाय खाली का आहेत?" अशी आरोळी कुंपणापलीकडून आली, की माझंच काय, शेजाऱ्यांचंही काळीज लककन हलायचं. शेजारच्या समरुआयच्या नवऱ्याने एकदा दचकून स्वतःचे पाय खाटेवर घेतले होते. त्याला काहीही झालेलं नव्हतं.

तर त्या पायाविषयी मी बोलणार आहे. जेवणाआधी जखमेविषयी बोलू नये हे मला कळतं. पण ताईंविषयी खरं बोलायचं तर माझा डावा घोटा वगळता येणार नाही.

सुपाच्या हंड्यामागे उभं राहण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. पिंडऱ्यांवर शिरा फुगल्या, संध्याकाळी पाय सुजायचे, घोट्याजवळची कातडी काळवंडली. मी म्हटलं, वय झालं. मग एक दिवस हातगाडीचा कोपरा घोट्याच्या आतल्या बाजूला लागला. केवढंसं खरचटलं! पण ते बुजेचना. पावसाळा गेला, उन्हाळा गेला, पुन्हा पावसाळा आला, आणि खरचटल्याची जखम आंब्याच्या कोयीएवढी झाली. आईने विड्याचा चुना, हळद आणि परसातला मिळेल तो पाला वाटून त्यावर थापला. मीही मुकाट्याने थापून घेतला. आईला नाही म्हणायची आमच्या घरात पद्धत नाही.

अशात एकदा ताई दुकानात जेवत होत्या. खाली वाकून म्हणाल्या, "प्रायोंग, तुझ्या पायाशी ही ओल कसली?"

"सूप सांडलं, ताई."

"तुझ्या सुपाला असा वास असता, तर मी इथे जेवले असते का?"

आणि वाटी अर्धी टाकून त्यांनी मला हंड्यामागून ओढून बाहेर काढलं. गिऱ्हाइकांसमोर माझी पायघोळ लुंगी वर केली. आईचा लेप पाहून त्यांनी जे शब्द वापरले, ते मी भंतेंसमोर उच्चारू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी त्या एक यंत्र घेऊन घरी आल्या. पावलावर ठेवलं की त्यातून शुप्‌ शुप्‌ आवाज यायचा. आई हात जोडून मागे सरकली. तिला वाटलं, जखम का बरी होत नव्हती ते आज कळलं, पायात कुणीतरी बसलंय. ताई म्हणाल्या, "आजी, रक्ताचा आवाज आहे तो. खाली जाणारं रक्त नीट जातंय, म्हणून पट्टी घट्ट बांधता येईल. ते जात नसतं, तर घट्ट पट्टीने पाय गमावला असता. हिच्या पायात खाली गेलेलं रक्त वर यायला कंटाळतंय. पाणी तुंबलं की बांध कुजतो, तसं झालंय."

मग हुकूम सुटले. लेप बंद. उकळून गार केलेल्या पाण्याने जखम धुवायची, स्वच्छ कापड ठेवायचं. सकाळी अंथरुणातून पाय खाली टाकण्याआधी बोटांच्या मुळापासून गुडघ्याखालपर्यंत ताणाची पट्टी गुंडाळायची. टाच सोडायची नाही. चालायचं, पण नुसतं उभं राहायचं नाही. आणि दिवसातून चारदा आडवं होऊन पाय छातीपेक्षा वर ठेवायचे.

बाकीचं सगळं मी मान्य केलं. पण सज्जनहो, तुम्हीच सांगा, पाय वर करून करायचे कुणाकडे?

पूर्वेच्या भिंतीवर बुद्धमूर्तीची फळी. तिकडे पाय करण्याची कल्पनाही नको. दक्षिणेला, भिंतीपलीकडे, विहाराचा कळस. उत्तरेच्या भिंतीवर माझ्या दिवंगत यजमानांचा फोटो. जिवंत होते तेव्हा त्यांच्याकडे पाय केले असते तरी संध्याकाळनंतर त्यांना कळलं नसतं. पण फोटो शुद्धीवर असतो. राहिली पश्चिम. पश्चिमेच्या खिडकीबाहेर राखणदाराचं देऊळ, आणि खिडकीखाली चटई विणत बसलेली साक्षात माझी आई.

ताईंनी खिडकी लावून घेतली. म्हणाल्या, "झालं, राखणदार बाहेर राहिला. आजी, जरा सरका."

आई सरकली. मी आडवी झाले, उशांवर पाय ठेवले. आणि आईने किंकाळी फोडली. कारण ती जमिनीवर बसली होती, आणि माझे तळवे तिच्या डोक्यापेक्षा उंच गेले होते.

"माझ्या डोक्यावर पाय? पोटच्या पोरीचे?"

"आई, मी कुठे..."

"पुढच्या जन्मी गांडूळ होशील!"

ताईंचं म्हणणं, पाय खाली येणार नाहीत. आईचं म्हणणं, डोकं खाली राहणार नाही. शेवटी ताई आणि नोप, म्हणजे आमचे धाकटे भंते, यांनी दुकानातलं टेबल आणलं, त्यावर चटई घातली आणि आईला उचलून वर बसवलं. विड्याच्या डब्यासकट. तेव्हापासून दिवसातून चार वेळा माझे पाय वर आणि आई त्याहून वर, असा आमचा संसार चालू झाला. पहिले दोन दिवस ती रुसून बसली. तिसऱ्या दिवशी तिला शोध लागला की टेबलावरून उघड्या दारातून सगळा रस्ता दिसतो. कोण कुणाच्या गाडीवर बसलं, कुणी किती भाजी आणली, सगळं. मग माझी वेळ झाली नसली तरी ती म्हणायची, "पाय दुखत नाहीत का ग तुझे?"

पण टेबल पश्चिमेला आणि आता आई ते हलवू देईना, त्यामुळे तीही दिशा गेली. तेव्हा ताई थेट विहारात गेल्या आणि थोरल्या भंतेंना घेऊन आल्या. भंते, त्या दिवशी आमची काय तारांबळ झाली, आठवतं ना? आपण घरात आलात म्हणून मी उठून बसले. आपल्याला सगळ्यांत उंच आसन हवं, म्हणून आईला टेबलावरून उतरवलं. आई खाली आली म्हणून मला आडवं होता येईना. आडवी झाले तरी आता आपल्याकडे पाय करता येईनात. आपण सगळ्या भिंतींकडे सावकाश पाहिलंत. पुष्कळ वेळ पाहिलंत. मग उठलात, जिना उतरलात, आणि शेवटच्या पायरीवरून म्हणालात, "मी गेल्यावर कोपऱ्यातल्या टीव्हीकडे करा. त्याला अजून कुणी नमस्कार केलेला मी पाहिला नाही."

ही व्यवस्था छान चालली. फक्त सकाळी टीव्हीवर प्रवचन लागलं, की आई वरून ओरडायची, "फिर!" आणि मी पाय उशांसकट उचलून स्वयंपाकघराकडे करायचे. जाहिरात लागली की परत.

आता इथपर्यंत तुम्ही हसलात, बरं झालं. पण मला त्या दिवसांत हसू येत नव्हतं. का, ते सांगते.

ती पट्टी रोज सकाळी नोप बांधायचा. बांधायचे. माझं पोट आणि माझा घोटा यांची बऱ्याच वर्षांत गाठ पडलेली नाही, त्यामुळे मला ते जमणार नव्हतं. समरुआयने एकदा बांधून पाहिली, ती दुकानात भर गर्दीत सुटून माझ्या मागे मागे फिरली. दुसऱ्या दिवशी तिने इतकी आवळली, की बोटं निळी पडली. ताईंकडे पंचक्रोशीतले रोगी, त्या आठवड्यातून एकदा यायच्या. आईला विचारायचीही सोय नव्हती. आईने लेकीचे पाय धरायचे? मग उरला नोप. मोटरसायकली दुरुस्त करणारे हात ते, ताण बरोबर कळायचा. पट्टी एकसारखी बसायची आणि जखम, खरंच, आक्रसायला लागली.

आणि यंदा त्याने चीवर घ्यायचं, भिक्खू व्हायचं ठरलं होतं. मुलाच्या चिवराचं टोक धरून आई स्वर्गाला जाते, हे मी लहानपणापासून ऐकत आले. माझ्या आईची तर एकच इच्छा राहिली होती, डोळे मिटण्याआधी नातवाला भिक्खू झालेला पाहायची. नोप म्हणाला, "घेईन. पण जखम बुजल्यावर. चीवर घेतलं की बाईला स्पर्श चालत नाही, मला तुझ्या पायालाही हात लावता येणार नाही, आई. मग बांधणार कोण?"

एका बाजूला वर्षावास जवळ येत होता, दुसऱ्या बाजूला जखम. मी ताईंना गाठलं. म्हटलं, "ताई, तुम्ही नुसतं 'बुजली' म्हणा. एवढंच म्हणा."

"पट्टीखाली जे आहे, ते सांगेन."

"पोराच्या पुण्याचा प्रश्न आहे हो!"

"मग पोराशी खोटं बोलून पुण्याला सुरुवात करणार आहेस?"

त्या दिवशी मी त्यांना त्यांच्या पाठीमागे पुष्कळ बोलले. नोपने आजीकडे बघून तारीख धरू दिली, पण अट सोडली नाही.

मुंडणाचा दिवस उजाडला. अंगणात मांडव, ढोलवाले, सगळं गाव जेवायला. रीतीप्रमाणे मुलाने आईचे पाय धुवायचे. नोप परात घेऊन बसला, माझी पट्टी सोडली आणि थांबला. जखम होती. चिंचोक्याएवढीच, पण उघडी होती. त्याने ताईंकडे पाहिलं.

ताई म्हणाल्या, "बुजलेली नाही. रोज पट्टी झाली तर बुजेल. नाही झाली तर वाढेल. मी रोज येऊ शकत नाही."

ढोल थांबले. समरुआयने हात वर केला. माझ्या निळ्या बोटांची सगळ्यांना आठवण होती, म्हणून कुणी तिच्याकडे पाहिलं नाही. नोपने परात बाजूला सरकवली. मला वाटलं, संपलं सगळं. मांडव, पाहुणे, आईची इच्छा, सगळं एका चिंचोक्यापायी गेलं. मी तिथेच रडायला लागले.

तेव्हा आईसाठी मांडवात आणलेल्या टेबलावरून आवाज आला, "मला खाली उतरवा."

आईला उतरवलं. ती माझ्यासमोर जमिनीवर बसली. नातवाच्या हातातली पट्टी घेतली, आणि स्वतःच्या मांडीवर थाप मारून मला म्हणाली, "ठेव."

"आई, नको. मला पाप लागेल."

"माझ्या पोटात होतीस तेव्हा रात्रंदिवस लाथा झाडत होतीस. तेव्हा पाय कुणाकडे होते ग तुझे? ठेव."

मी पाय ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा, गावासमोर, आईच्या मांडीवर पाय ठेवला. जन्मभर चटया विणलेल्या हातांनी तिने पट्टी गुंडाळली, एकसारखी, घट्ट. निम्म्या बाया डोळे पुसत होत्या. आणि ओरापिनताई पुढे आल्या, वाकून पाहिलं, आणि म्हणाल्या,

"टाच राहिली, आजी. परत बांधा."

माझ्या आईला 'परत कर' म्हणणारा माणूस या गावात त्याआधी जन्मला नव्हता. आईने ताईंकडे पाहिलं. ताईंनी आईकडे पाहिलं. मग आईने सगळी पट्टी सोडली आणि परत बांधली. ताईंनी पट्टीत बोट घालून ताण बघितला आणि म्हणाल्या, "हं." नोप उठला, आजीच्या पायांवर डोकं ठेवलं आणि केस काढायला जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी चीवर हातांत घेऊन मी विहाराला तीन फेऱ्या घातल्या, माझ्या पायांनी. ताई शेजारून चालत होत्या. सगळं गाव होऊ घातलेल्या भिक्खूकडे बघत होतं, आणि या बाई माझ्या टाचेकडे.

वर्षावास अर्धा झाला आणि जखम बुजली. आईने बुजवली. रोज पहाटे, कुरकुरत, माझा पाय मांडीवर घेऊन. ज्या दिवशी पट्टी सोडली आणि खाली नुसती नवी कातडी दिसली, त्या दिवशी ताई चुलीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. ताई, तुम्ही रडत होतात. धूर नव्हता, चूल विझलेली होती. आईने टेबलावरून पाहिलंय.

आता त्या निवृत्त होऊन उत्तरेला बहिणीकडे जाणार. ताणाच्या मोज्यांची जोडी मला जन्मभर घालायची आहे, हे त्यांनी मला आज सकाळीही कुंपणापलीकडून ओरडून सांगितलं. उद्यापासून गल्लीत शांतता असेल. मला ती शांतता नको आहे, एवढंच मला त्यांना सांगायचं होतं. ते सांगायला मी इतका वेळ घेतला.

थोरल्या भंतेंचे, अध्यक्षांचे, मांडव घालणाऱ्यांचे आणि सुपाकडे लक्ष ठेवून इथे येऊ न शकलेल्या समरुआयचे आभार. बोलताना कुणाचा मान राखायचा राहून गेला असेल, तर थोरांनी पोटात घालावं आणि लहानांनी विसरून जावं. आणि ओरापिनताई, तुमच्या पाठीमागे मी तुम्हाला जे जे बोलले, त्याची सगळ्यांसमोर हात जोडून माफी मागते. तोंडावर जे बोलले ते तेवढं असू द्या. ते तुम्हीही मला सव्याज परत केलेलं आहे.

नमस्कार.