डाव्या बाणाखालची पट्टी

(जपानमधल्या यात्सुशिरो गावातलं, बोलिंगच्या वरच्या मजल्यावरचं गेम सेंटर. सोमवार दुपार. गाण्याच्या तालावर बाणांवर पाय टाकायचं जुनं यंत्र. त्याच्या डाव्या बाणाची फळी उचकटून बाजूला ठेवलीय. दुरुस्तीवाली तोमोए खाली वाकलेली. अडुसष्ट वर्षांचे इसोगाई, पूर्वीचे तातामी चटयांचे कारागीर, कॉफीचा डबा धरून उभे.)

तोमोए : उंदीर नाही, काका. उंदराला इतकं सरळ कापता येत नाही.

इसोगाई : हल्लीचे उंदीर शिकलेले असतात.

तोमोए : ही पट्टी बघा. हिरवी, वर सोनेरी फुलं. तातामीच्या कडेला शिवतात तीच ना?

इसोगाई : चष्मा घरी राहिलाय.

तोमोए : डोक्यावर आहे. या फुलांची पट्टी गावात एकाच दुकानात मिळायची. पाटीवर नाव कोणाचं होतं?

इसोगाई : दुकान बंद होऊन चार वर्षं झाली, पोरी. माल कुठे कुठे गेला असेल.

तोमोए : माल या फळीखाली आला. चार सेन्सर, चार तुकडे. बाकीचे तीन बाण दणकून हाणावे लागतात आणि इथे पाय नुसता टेकला तरी यंत्र खूश.

इसोगाई : काम कसं आहे पण?

तोमोए : काम सुरेख आहे. केसाचाही फरक नाही.

इसोगाई : अख्खी पट्टी जाड होते. फळी वर येते. म्हणून आतलं अस्तर सोडवून मग... म्हणजे, ज्याने केलं त्याने सोडवलं असणार.

तोमोए : असणारच. आता ही चिठ्ठी. 'दुरुस्ती चालू आहे.' आमच्या चिठ्ठ्या छापील असतात. ही कुंचल्याने लिहिलीय. खाली काय, तर 'आपल्या गैरसोयीबद्दल मनापासून दिलगीर आहोत.'

इसोगाई : एखाद्यावर संस्कार असतात.

तोमोए : रविवार ते शुक्रवार चिठ्ठी लटकते, शनिवारी गायब! मला वाटायचं दुसऱ्या पाळीतला ओबाता लावतो. ओबाताला वाटायचं मी लावते. चार महिने, काका!

इसोगाई : एकमेकांशी बोलत जा की जरा.

तोमोए : काका.

इसोगाई : बरं, मी लावली. शाळेतली पोरं येऊन धपाधप उड्या मारतात, पट्टी दबते. शनिवारपर्यंत जशीच्या तशी राहायला हवी होती. झालं समाधान? बसव फळी, मी जातो.

तोमोए : थांबा. या यंत्रात एक आकडा असतो. नाणं पडलं की एकाने वाढतो. वरच्या कचेरीने चार महिन्यांचा आकडा बघितला आणि ठरवलं, हे कोणी खेळतच नाही. गुरुवारी ट्रक येतोय.

इसोगाई : ट्रक कशाला?

तोमोए : मोडीत न्यायला. इथे बाहुल्या उचलायचा पंजा बसणार.

इसोगाई : अगं, पण मी तर त्याला जपत होतो!

तोमोए : इतकं जपलंत की जीवच घेतलात. हा जाड काचेचा पडदा आता कुठे बनत नाही. नव्या पडद्यावर बाण किंचित उशिरा उमटतो, म्हणून मी डिस्क बदलली, वायरी बदलल्या, पण पडदा बदलू दिला नाही. पंधरा वर्षं! आणि तुम्ही एका कुंचल्यात...

इसोगाई : आकडा तूच वाढव ना. आतलं बटण दाबून फुकट खेळ देता येतो, मी पाहिलंय.

तोमोए : तो वेगळा मोजतात. वरच्यांना गयावया करून परवा रात्रीपर्यंतची मुदत घेतलीय. तोवर सव्वाशे खेळ झाले तर यंत्र राहील, तेही नाणं टाकून. आता एकच सांगा. शनिवारी इथे दोघंच खेळता, तुम्ही आणि हामासाकी मावशी. दर वेळी त्याच जिंकतात. लबाडी करून हरणारा माणूस मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला.

इसोगाई : पट्टी माझ्यासाठी नव्हतीच.

तोमोए : मग?

इसोगाई : तिचा डावा गुडघा गेलाय. पानगळीत म्हणाली, डाव्या बाणाला पाय पुरत नाही, आता बंद करते. तिच्या मासळीच्या दुकानात मी रोज जाऊ शकत नाही ना! एकटा माणूस किती मासे खाणार? शनिवार गेला तर मला उरतं काय? हसू नकोस.

तोमोए : नाही हसत. मागे बघा पण. मीच फोन करून बोलावलंय त्यांना.

हामासाकी : जिन्याला काय तुमच्या बापाने न मोजताच पायऱ्या घातल्यात का? हे पपनस धरा कोणीतरी, डोक्याएवढं आहे. तोमोए, ट्रकचं खरं का? कोणत्या गाढवाने चिठ्ठी लावली?

इसोगाई : मी.

हामासाकी : वाटलंच. आणि फळी का उघडी? पट्टी काढली की काय?

इसोगाई : पट्टीचं तुम्हाला...?

हामासाकी : चाळीस वर्षं मासळी हातावर तोलली, माझा पाय किती जोरात पडतो ते मला कळणार नाही? पानगळीपासून माझ्या पायाआधी बाणच दबतोय!

इसोगाई : मग बोलला का नाहीत?

हामासाकी : बोलले असते तर लाजून काढून टाकली असतीत. तोमोए, लाव ती परत. नियमात बसत नसेल तर डोळे मीट.

तोमोए : माझा चष्मा घरी राहिलाय, मावशी.

हामासाकी : शहाणी. किती खेळ हवेत?

तोमोए : सव्वाशे.

हामासाकी : बाजारातल्या सगळ्या बायकांना आणते. त्यातल्या शिंकोला तर नाचायचंच असतं, जागा मिळत नाही. आणि इसोगाई, तुमच्याकडे पट्टी उरलीय का?

इसोगाई : गुंडाळीच्या गुंडाळी पडलीय. का?

हामासाकी : उजव्या बाणाखाली घाला. दोन महिने मागच्या दांडीला लटकून, उजवा पाय सांभाळत खेळताय, मी काय आंधळी आहे? हरवायला समोर माणूस धड तरी हवा.

इसोगाई : आणतो. आत्ता आणतो.

हामासाकी : येताना कुंचलाही आणा. नवी चिठ्ठी लिहा, मोठ्या अक्षरांत. 'यंत्र चालू आहे, या.'

इसोगाई : एवढंच?

हामासाकी : एवढंच. खाली ते दिलगिरीचं नको. माझी काही गैरसोय झालेली नाही.