कल्ला उचलून बघायचा

मी रेजिना, जनम पाचूबंदरचा, लगीन करून अर्नाळ्याला आले, दोन्हीकडं कोळीच, दोन्हीकडं ख्रिस्ती, म्हनजे मासळी आनि चर्चातला मिस्सा ह्या दोनच गोष्टी आम्हाला कळतात. आई सांगायची, बाय, मासा वरून चकाकतो म्हनून घेऊ नको, कल्ला उचल, आत लाल हाय का बघ, जो कल्ल्याला हात लावू देत नाय त्याच्या पाटीपुढून ऊठ. जलमभर मासळी विकली, पन देवाच्या बाबतीत तेच इसरले, काय सांगू तुम्हाला.

माझा नवरा सायमन. बोट उलटली, बाकीचे आले, तो आला नाय. मयत मिळाली नाय म्हनून कबर नाय. नोव्हेंबरात सगळे आपापल्या मानसांच्या कबरीवर मेनबत्त्या लावतात, मी वाळूत लावते आनि वारा इझवतो. पाठी राहिली सेलीन, एकुलती लेक, तिला फिट येतात, सकाळ-संध्याकाळ गोळी, गोळी चुकली का पोर पडलीच.

तर शेजारीन मला कळंबला घेऊन गेली. भाड्याच्या कॉटेजात एक ब्रदर प्रार्थना घ्यायचा, कुठल्या चर्चचा ते कोनी इचारलं नाय. गोड बोलायचा, बायबल तोंडपाठ. पहिले काही महिने नुस्त्या साक्षी, म्हनजे आपलं दुःख उभं राहून सगळ्यांपुढं सांगायचं, मीपन सांगितलं. मग बोलला, इथलं फादरला सांगायचं नाय, शंका घ्यायची नाय, शंका सैतानाची. तवाच उठायला पायजे होतं. कल्ल्याला हात लावू देत नव्हता ना तो. पन मला सायमन पायजे होता.

एका दुपारी, भाईर ऊन मी मी म्हनत होतं, आत खिडक्यांना चादरी, पंखा बंद, ब्रदरनं माझ्या डोक्यावर हात ठेवला आनि त्याच्या तोंडातून सायमन बोलला. हसू नका. तोच खोकला, तोच बिडीनं बसलेला घसा. रेजे, म्हनाला. घरात दोघंच असलो का तो मला रेजे म्हनायचा, हे मी कुनाला कधी सांगितलं नव्हतं. मी गुडघ्यावर पडून रडले. बोलला, पोरीच्या गोळ्या दर्यात टाक, उद्या ओहोटीला तिला पान्यात घेऊन ये, मी धरतो तिला. गोळ्या पिशवीत होत्या, मी हातात काढल्यापन.

मग बोलला, भिऊ नको, जाताना तू घातलेली रोजरी माझ्या गळ्यात हाय, पान्यात चकाकते.

मी गोळ्यांची मूठ मिटली. कारन ती रोजरी, क्रूसाची जपमाळ, माझ्या तांदळाच्या डब्यात होती. आमच्या घरात मानूस दर्यावर निघाला का बायकोनं त्याच्या गळ्यात रोजरी घालायची, अशी रीत. त्या सकाळी आमचं भांडन झालं आनि मी घातली नाय, तो तसाच गेला. ती लाज झाकायला मी साक्षीत खोटं बोलले, का माझ्या हातानं घातली. ते खोटं त्या खोलीतच बोलले, दुसरीकडं कुठं नाय. मेलेल्या मानसाला खरं ठाऊक असतं ना वो?

मी इचारलं, सायमन, रोजरी कोनी घातली तुला?

तू, रेजे, तूच.

गोळ्या पिशवीत टाकल्या आनि उठले. फाटकापर्यंत मागनं रेजे, रेजे चाललं होतं, मी वळले नाय. तडक फादरकडं गेले, सगळं बोलले, रोजरीचंपन. फादर बोलले, जो तुला एकटी पाडतो आनि पोरीचं औषध सोडायला लावतो, तो देवाचं नाव घेईल, पन देवाकडचा नाय.

आता सेलीन गोळी गिळंपर्यंत मी समोर उभी राहते. रोजरी तिच्या गळ्यात हाय. ब्रदर कॉटेज सोडून गेला. पन रेजे हे नाव त्याला कुठनं मिळालं, ते मला अजून कळलं नाय, आनि कधी भर दुपारी ओहोटीला बोंबील वाळत घालताना पान्याकडनं हाक येते, तोच घसा. मी ओ देत नाय. सायमन असंल तर देव त्याला शांती देवो, मी का गप हाय ते त्याला समजंल. आनि सायमन नसंल, तर त्यानं हाका मारीत राहावं, माझी पोर पान्यात यायची नाय.