चादरीचं दुसरं टोक

आजच्या समारंभाचे माननीय अध्यक्ष, म्हणजे आपल्या लाँड्रीचे मालक. ज्या रुग्णालयाच्या चादरी आपण रोज धुतो तिथून आलेल्या प्रमुख पाहुण्या, मोठ्या सिस्टर. सत्कारमूर्ती आदरणीय मॅडम. आणि ओल्या व कोरड्या बाजूच्या माझ्या सर्व सहकाऱ्यांनो,

पाहुण्यांसाठी सांगतो. आमची ओली बाजू कपडे धुते, कोरडी बाजू इस्त्री करून घड्या घालते. मी कोरडीतला. भाषण लिहून आणलंय, शुद्धलेखन दोनदा तपासलंय.

आमच्या सुपरवायझर मॅडम आज निवृत्त होत आहेत आणि सोमवारपासून त्यांच्या जागी मी आहे. यात आनंद कोणता आणि काळजी कोणती, हे मला अजून वेगळं करता आलेलं नाही.

मॅडमनी आम्हाला काय दिलं? इथे एक गोष्ट सांगायची परवानगी घेतो. काही वर्षांपूर्वी मालकांनी मॅडमना प्रशिक्षणाला पाठवलं होतं. अधिकाऱ्याने प्रत्येक कामगाराशी दर आठवड्याला एकट्याने बोलावं, त्याचं काय अडतंय ते ऐकावं, त्याला वाढायला मदत करावी, असं तिथे शिकवलं. मॅडम उत्साहाने परत आल्या आणि पहिल्यांदा इस्त्रीच्या रोलरवरच्या आपल्या मामांना केबिनमध्ये बोलावलं.

आता आमच्याकडे केबिनमध्ये कशाला बोलावतात? काढून टाकायला. दुसऱ्या कामासाठी तिथे कुणी गेलेलंच नव्हतं. मामांनी रोलर बंद केला, एप्रन काढून नीट घडी घातली, लॉकरची चावी शेजारच्याला दिली आणि ओल्या बाजूलाही जाऊन सगळ्यांचा निरोप घेतला. आत मॅडमनी हसून विचारलं, "मामा, येत्या वर्षात तुम्हाला काय नवीन शिकायला आवडेल?"

मामा म्हणाले, "ते राहू द्या. हिशेब आजच मिळेल का?"

हसा, हसा. मामाही हसतायत... नाही, खोकतायत.

मॅडम त्या दिवशी केबिनमधून बाहेर आल्या त्या पुन्हा कुणाला आत बोलवायला गेल्या नाहीत. घड्यांच्या टेबलापाशी जाऊन त्यांनी मामांच्या चादरीचं दुसरं टोक धरलं. मोठ्या चादरीची घडी एकट्याला घालता येत नाही. दोघांनी ताणायची, जवळ यायचं, टोकं एकाच्या हातात द्यायची, पुन्हा लांब जायचं. बोलणारा जवळ आला की हळू बोलतो, अवघड वाटलं तर मागे सरकतो. हात कामात असतात, त्यामुळे समोरच्याच्या डोळ्यांत बघायची सक्ती नाही. तेव्हापासून प्रत्येकाची आठवड्यातून एकदा पाळी लागते. मॅडमचा नियम एकच: ढीग संपेपर्यंत त्या विचारतील आणि ऐकतील. सल्ला मागितला तरच देतील.

माझ्या पाळीला त्या म्हणाल्या, "तू सगळ्यांच्या घड्या उलगडून परत घालतोस. का रे?"

"चूक राहू नये म्हणून, मॅडम."

"मग त्यांना काय वाटत असेल?"

मी पुढची चादर उचलली. मॅडमनीही उत्तर सुचवलं नाही. नुसत्या चादरी येत राहिल्या, जात राहिल्या. सिस्टर, रुग्णालयात तुम्ही इंजेक्शन देता, पण ती शांतता त्याहून जास्त टोचते. पुढच्या आठवड्यात त्यांनी आठवणीने विचारलं, "मागच्या प्रश्नाचं काय झालं?" अजून विचार करतोय, मॅडम. परवाही मी एक घडी उलगडली.

आता काळजीचं बोलतो. माझ्या नेमणुकीची सूचना लागल्यापासून मामा माझ्याशी दोनच शब्द बोलतात, 'चालू' आणि 'बंद'. तेही रोलरबद्दल. ही जागा त्यांना मिळेल असं सगळ्यांना वाटत होतं. मलाही. सोमवारी पहिली पाळी मामांची आहे. ते टेबलापाशी आले नाहीत तर दुसरं कोण येईल? आणि आले, पण नुसत्या घड्या घालून गेले तर?

मी मॅडमना गाठून विचारलं, "तुम्ही इतकी वर्षं त्यांच्याशी बोललात. त्यांच्या मनात काय आहे, थोडं सांगा ना."

"टेबलावरचं टेबलावर राहतं," त्या म्हणाल्या.

"मग मी त्यांच्याशी काय बोलू?"

"मला कशाला विचारतोस? त्यांना विचार."

कागदावर यापुढे आभार आहेत. पण मघाशी अध्यक्ष साहेबांनी भेटवस्तूवरची चादर काढली आणि बोळा करून खुर्चीवर ठेवली. माफ करा साहेब, मी बराच वेळ तिच्याकडे बघतच वाचतोय. ती तशी ठेवून मला खाली बसता येणार नाही.

नाही मॅडम, तुम्ही उठू नका. आज तुम्ही सत्कारमूर्ती आहात.

ही माझ्याकडची दोन टोकं. पलीकडची दोन...

मामा, याल का?

पुढच्या रांगेतल्यांनी जरा पाय आवरा, त्यांना येऊ द्या. सावकाश, तिथे वायर आहे. हं. ताणा.

मामा, ढीग नाही, एकच चादर आहे. मी सल्ला देणार नाही, मला देता येतही नाही. फक्त विचारतो. तुमचं काय अडलंय?

...

मंडळी, मामा म्हणतायत, "आधी तो माईक बंद कर."

बरोबर आहे त्यांचं. अध्यक्ष साहेब, पाहुण्या, मॅडम, तुम्ही सगळ्यांनी इतका वेळ ऐकून घेतलंत, मी ऋणी आहे. कुणाचा उल्लेख राहिला असेल, बोलण्यात कमीजास्त झालं असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. माझे हात गुंतलेत. कुणीतरी तेवढं बटण दाबा.