थर्माकोल धरणारा हात

आमी मूळचे ढाणकीचेच. बाप सायकली दुरुस्त करे, मले त्या ग्रीसच्या कामात गोडी नाई, म्हून मायनं उमरखेडले मामाच्या स्टुडिओत धाडलं. मामा अंधाऱ्या खोलीत फोटो धुवे अन् सांगे, सलीम, फोटो काढनं अर्धं काम, कापनं अर्धं. लग्नाच्या फोटोत कोपऱ्यात कोनाची चप्पल येते, कोनी नाक पुसून राह्यला असते, ते कायले ठेवायचं? मी तेच शिकलो, अन् आज तीस वर्षं झाले ढाणकीत माहा स्टुडिओ हाय. कोनी म्हनो काढल्यावर फोटो कापू नये, मी म्हन्तो काहून कापू नये, शिंपी कपडा कापते तवाच सदरा होते.

पन एका फोटोनं माह्या जिवाले घोर लावला, ते बी सांगतो, लपवत नाई. बाजूच्या बंजाऱ्याईच्या तांड्यावर एका म्हातारीच्या नातीचं लग्न होतं. त्या म्हातारीले मी याडी म्हन्तो, याडी म्हंजे त्याईच्या बोलीत माय. भर दुपारचं ऊन, ओढनीची काळी सावली तिच्या तोंडावर पडे, तोंडावर उजेड पाडाले पांढरं थर्माकोल धरावं लागते, अन् मी तं एकलाच गेलतो. तिचा म्हातारा तिथंच उभा. हा म्हातारा फोटोले लई बुजे, कॅमेरा दिसला का गोठ्यात जाये. मी म्हनलं बाबा, तुमचा फोटो नाई काढत, हे फक्त धरा. तं त्यानं ते थर्माकोल तान्हं लेकरू धरल्यावानी दोन्ही हातानं धरलं, याडीले हासू आलं, अन् मी बटन दाबलं. मंग कॅमेऱ्यातच तिले फोटो दाखोला, तं म्हने, हे पाह्य, याचा हात आला. दोघंबी हासले.

घरी येऊन कंप्युटरवर पाह्यलं, कडेले थर्माकोलचा तुकडा, त्यावर म्हाताऱ्याचा पंजा अन् बाहीचं टोक. मले ते घाण दिसलं. कापलं अन् सेव्ह केलं. आता पाहा, मामाच्या जमान्यात कागद कापला तरी निगेटिव्ह साबूत राहे, मले तीच सवय. कंप्युटरचं तसं नाई, त्याच नावानं सेव्ह केलं का मूळ फोटो गेला, अन् कॅमेऱ्यातलं कार्ड तं मी दुसऱ्या लग्नासाठी साफ बी करून टाकलतं.

दोन महिन्यानं म्हातारा वारला. बाजाराच्या दिवशी याडी आली, म्हने बेटा, तो हातवाला फोटो मोठा करून दे. मी म्हनलं याडी, त्याईचा आधारचा फोटो असन ना, तो मोठा करतो. ती म्हने, त्याच्यात तो एकलाच हाय, उभ्या जलमात आमी दोघं एका फोटोत तेवढा एकच डाव आलतो. कंप्युटर बिघडला म्हनता आलं असतं, पन नाई म्हनलं. याडी, म्या कापला, असं सांगतलं. मी म्हनलं, आधारवरचं तोंड काढून तुह्या बाजूले जोडून देतो, कोनाले समजनार नाई. म्हने, मले तं समजन ना.

मंग तिनं तो कापलेलाच फोटो पाहाले मांगतला. लय वेळ पाहत राह्यली अन् म्हने, हाच मोठा कर.

तवापासून मूळ फोटो मी येगळा ठेवतो, मंगच कापतो. कापनं सोडलं नाई, सोडनार बी नाई, पन कडेले कोन हाय ते इचारल्याबिगर कात्री चालवत नाई.

मांगच्या महिन्यात तांड्यावर गेलतो. याडीनं चहा पाजला, तुही लेकरं सुखी राहो म्हने, मले लाज वाटली. फोटो भिंतीवर हाय. त्यात ती कॅमेऱ्याकडं पाहतच नाई, बाजूले पाहून हासून राह्यली, जिथं म्हातारा उभा होता तिकडं. मी म्हनलं याडी, दाराच्या वर लावाचा ना, इथं कोपऱ्यात कायले लावला? तं म्हने, इथून त्याच्या खाटीवर नजर जाते.